शनी नावाची गाडी



आजच्या भागात एका गाडीची गोष्ट आहे. ही गाडी भारतात कधी विकायला आलीच नाही, त्यामुळे तुमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये ती दिसली नसणार. तुमचा एखादा मामा किंवा चुलतभाऊ नव्वदच्या दशकात अमेरिकेला गेला असेल, तर त्याला विचारून बघा. त्याने रस्त्यावर नक्की पाहिली असेल. गाडीचं नाव सॅटर्न. म्हणजे आपला शनी.

आता आपल्याकडे कुणी शोरूमवर 'शनी मोटर्स' अशी पाटी लावली तर काय होईल? शनिवारी लोक येतील, दारात तेल वाहतील, हात जोडतील आणि गाडी घ्यायला दुसरीकडे जातील. पण अमेरिकेत हे नाव आलं रॉकेटवरून. ज्या सॅटर्न रॉकेटने अमेरिकन माणूस चंद्रावर पोचवला, ते हे नाव. अंतराळाच्या शर्यतीत आधी रशिया पुढे होता, मग अमेरिकेने गाठलं. ऐंशीच्या दशकात जनरल मोटर्सला, म्हणजे जीएमला, वाटत होतं की गाड्यांच्या शर्यतीत जपान पुढे गेलाय आणि आता आपण गाठायचंय.

गोष्ट सुरू करायच्या आधी एक चित्र डोळ्यांसमोर आणा. जून १९९४. टेनेसी राज्यातलं स्प्रिंग हिल हे गाव, नॅशव्हिलच्या दक्षिणेला साधारण पन्नास किलोमीटरवर. त्या गावात दोन दिवसांत चाळीस हजारांहून जास्त माणसं जमली. जत्रा म्हणा, उरूस म्हणा. ही सगळी माणसं आली होती एक कारखाना बघायला. देशाच्या कानाकोपऱ्यातून, मुलाबाळांना मागच्या सीटवर बसवून, आपापली सॅटर्न चालवत. आपली गाडी जिथे बनली ती जागा बघायची, ज्यांनी बनवली त्या कामगारांशी हात मिळवायचा, गाणी ऐकायची, जेवायचं आणि परत घरी. कंपनीने कार्यक्रमाला नाव दिलं होतं 'होमकमिंग'. आपल्या भाषेत गाडीचं माहेरपण.

आणि ही गाडी काही फेरारी नव्हती बरं का. बाजारात आली तेव्हा सर्वात स्वस्त मॉडेलची किंमत होती ७,९९५ डॉलर. छोटी चार दारांची गाडी, आवाज करणारं इंजिन, आत साधं प्लॅस्टिक. शिक्षिका, नर्स, नुकतं लग्न झालेली जोडपी असल्या लोकांना परवडणारी. अशा गाडीवर लोकांनी इतकं प्रेम का केलं, आणि ते प्रेम हातात असताना कंपनी बुडाली कशी, हे आज बघू.

थोडं मागे जाऊ. १९७३ आणि १९७९ अशी दोनदा तेलटंचाई झाली. पेट्रोल महागलं आणि अमेरिकन लोक होंडा, टोयोटा, डॅटसन अशा छोट्या जपानी गाड्यांकडे वळले. एकदा वळले आणि मग परत यायला तयार होईनात, कारण त्या गाड्या बंद पडत नव्हत्या. तिकडे डेट्रॉइटच्या गाड्यांना मात्र नव्या असतानाच खुळखुळ आवाज यायचे. सत्तरच्या दशकात अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या दर दहा गाड्यांपैकी चारपेक्षा जास्त एकट्या जीएमच्या असायच्या. १९९० येईपर्यंत हा वाटा ३५ टक्क्यांच्या आसपास घसरला. एवढी मोठी कंपनी, पण छोटी गाडी नीट आणि नफ्यात बनवणं काही जमेना.

जीएमचे चेअरमन होते रॉजर स्मिथ. मायकेल मूरची 'रॉजर अँड मी' ही १९८९ची डॉक्युमेंटरी ज्यांच्या मागे कॅमेरा घेऊन फिरते, तेच हे रॉजर. त्या फिल्ममध्ये ते कारखाने बंद करणारे साहेब आहेत, आणि ते खोटं नाही. पण याच माणसाने सॅटर्नसारखा जुगारही खेळला. नोव्हेंबर १९८३ मध्ये प्रकल्प जाहीर झाला आणि जानेवारी १९८५ मध्ये सॅटर्न कॉर्पोरेशन ही वेगळी कंपनी उभी राहिली. नवा कारखाना, नवी गाडी, नवे डीलर, कामगारांशी नवा करार. जुन्या जीएमचं काहीच घ्यायचं नाही असं ठरलं. खर्चाचे आकडे अब्जावधी डॉलरचे होते.

कारखाना आपल्याकडे यावा म्हणून राज्याराज्यांत अशी चढाओढ लागली की काही गव्हर्नर चक्क टीव्हीवरच्या फिल डोनाह्यूच्या टॉक शोमध्ये जाऊन आपल्या राज्याची तारीफ करत बसले. आपल्याकडे मोठ्या प्रकल्पावरून दोन राज्यांत जुंपते ना, तसंच, फक्त लाइव्ह. शेवटी जुलै १९८५ मध्ये स्प्रिंग हिलचं नाव जाहीर झालं. हजारभर वस्तीचं शेतीचं गाव. डेट्रॉइटपासून लांब, आणि ते मुद्दामच.

आता कामगारांकडे येऊ, कारण माझ्या मते या गोष्टीचा खरा नायक तिथे आहे.

अमेरिकन कार उद्योगात कंपनी आणि युनियन यांचं नातं म्हणजे सासू-सुनेचं. प्रत्येक गोष्ट करारात लिहिलेली, आणि करार म्हणजे शेकडो पानांचं बाड. कुठला नट कोण आवळणार, कुठला बल्ब कोण बदलणार, सगळं वेगवेगळ्या हुद्द्यांत वाटलेलं. सॅटर्नने काय केलं, तर १९८४ मध्ये कामगार आणि व्यवस्थापक मिळून ९९ जणांचा एक गट बनवला आणि त्यांना सांगितलं की जग फिरा, चांगले कारखाने बघा आणि आपला कसा असावा ते तुम्ही ठरवा. त्यातून जो करार झाला तो होता अवघा २८ पानांचा. हुद्दे मोजकेच. सहा ते पंधरा जणांची टीम, टीमने आपली कामं आपण वाटून घ्यायची, नवा माणूस घ्यायचा की नाही हेही टीमनेच ठरवायचं. कामाच्या वेळेतला साधारण पाच टक्के वेळ प्रशिक्षणाला. गाडीत खोट दिसली तर कुणीही कामगार लाइन थांबवू शकतो.

हे फुकट मिळालं नव्हतं. पगाराचा एक भाग अडकवून ठेवलेला असायचा. दर्जा, उत्पादन आणि प्रशिक्षणाची उद्दिष्टं पूर्ण झाली तरच तो हातात यायचा. बदल्यात बहुतेक कामगारांना कामावरून कमी करणार नाही असं आश्वासन होतं. देशभरातल्या जीएमच्या बंद पडणाऱ्या कारखान्यांतून माणसं घरदार विकून टेनेसीला आली. मिशिगनमध्ये आयुष्य काढलेला माणूस बायकोमुलांना घेऊन हजार किलोमीटर दक्षिणेला जातो आणि पगाराचा काही भाग नशिबावर सोडतो. त्याच्यासाठी हा प्रयोग वगैरे नव्हता, त्याचं सगळं आयुष्य त्यावर लागलेलं होतं.

३० जुलै १९९० ला पहिली गाडी लाइनवरून बाहेर आली. रॉजर स्मिथ स्वतः चाकामागे होते, शेजारी युनियनचे अध्यक्ष ओवेन बीबर. लगेचच स्मिथ निवृत्त झाले. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल. ज्याने झाड लावलं तो पाणी घालायला थांबला नाही.

गाडी म्हणून सॅटर्नमध्ये नवीन काय होतं? सगळ्यांना आठवतात ते दरवाजे. आत पोलादी सांगाडा आणि त्यावर दरवाजे, मडगार्ड हे सगळं पॉलिमरचं, म्हणजे एक प्रकारचं प्लॅस्टिक. बॉनेट, छत आणि डिकीचं झाकण मात्र पत्र्याचं. फायदा काय? सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये कुणाची ट्रॉली येऊन दारावर आपटली तर पोचा पडायचा नाही, पत्रा आत जाऊन परत बाहेर येतो तसं. शोरूममधला माणूस दारावर लाथ मारून दाखवायचा. आणि अमेरिकेच्या ज्या भागात बर्फ पडतं, तिथे रस्त्यावर मीठ टाकतात, त्या मिठाने गाड्या कुजतात. सॅटर्नचे दरवाजे कुजायचे नाहीत. तोटा असा की प्लॅस्टिक उन्हात फुगतं, थंडीत आकसतं, त्यामुळे दोन भागांमधली फट जरा जास्तच ठेवावी लागायची. नीटनेटकेपणाची हौस असलेल्या माणसाला ती फट खुपायची.

पण लोक सॅटर्नच्या प्रेमात पडले ते दरवाजांमुळे नाही. ते पडले शोरूममध्ये.

अमेरिकेत त्या काळी गाडी विकत घेणं म्हणजे मनस्ताप होता. किंमत लिहिलेली एक, खरी वेगळीच. घासाघीस तासन्‌तास. सेल्समन 'साहेबांना विचारून येतो' म्हणून आत जाणार, वीस मिनिटांनी बाहेर येणार, शंभर डॉलर कमी करणार. शेजाऱ्याला तीच गाडी आपल्यापेक्षा पाचशेने स्वस्त मिळाली हे नंतर कळणार. बाई एकटी गेली तर तिला आणखी महाग सांगणार. सॅटर्नने सांगितलं, पाटीवर जी किंमत तीच किंमत. सगळ्यांना एक. घासाघीस नाही. विक्री करणाऱ्यांचं पोट गाडीमागच्या कमिशनवर नाही तर पगारावर, त्यामुळे गळ्यात पडणं नाही. नाही आवडली तर ३० दिवसांत परत आणा.

गाडीची डिलिव्हरी असली की शोरूममधली सगळी माणसं, मेकॅनिकसकट, हातातलं काम टाकून नव्या मालकाभोवती जमायची, टाळ्या वाजवायची, फोटो काढायची. आज आपल्याकडे शोरूममध्ये गाडीवरचं लाल कापड बाजूला करतात, केक कापतात, सेल्फी पॉइंट असतो. आपल्याला त्याचं काही वाटत नाही. आपण तर नारळ फोडून, चाकाखाली लिंबू ठेवून, पेढे वाटून घरीच सोहळा करणारी माणसं. पण १९९१च्या अमेरिकेत आठ हजार डॉलरच्या गाडीसाठी कुणी टाळ्या वाजवणं ही बातमी होती.

आणि मग आला पहिला मोठा पेच. १९९१ मध्ये, म्हणजे कंपनी रांगत असतानाच, कळलं की साधारण अठराशे गाड्यांमध्ये सदोष कूलंट भरलं गेलंय. ते आतून इंजिनची कूलिंग सिस्टिम खातं. दुसऱ्या कुठल्याही कंपनीने पाइप बदलून दिले असते, फार तर रेडिएटर. सॅटर्नने ज्या मालकांना गाड्या दिल्या होत्या त्यांना नव्या गाड्या दिल्या. आख्खी गाडी बदलून. त्याच वर्षी पुढच्या सीटच्या पाठीतला दोष निघाला, तेव्हा अलास्कातल्या एका दूरच्या मालकासाठी कंपनीचा माणूस सीट घेऊन विमानाने गेला. हॅल रायनी यांच्या सॅन फ्रान्सिस्कोच्या एजन्सीने त्याची जाहिरात केली. बघा हं, आपल्या गाडीत दोष निघाला ही गोष्ट त्यांनी जाहिरातीत सांगितली!

१९९३ मध्ये आणखी मोठा रिकॉल आला. वायरिंगमध्ये दोष, शॉर्ट होऊन आग लागायची भीती. साडेतीन लाख गाड्या. डीलरांनी काय करावं? बार्बेक्यू लावले. गाडी दुरुस्त होईपर्यंत या, जेवा, गाडी धुऊन देतो, कुठे कुठे तर मालकांना बेसबॉलच्या मॅचला घेऊन गेले. लोक रिकॉलला आले आणि खूश होऊन परत गेले. १९९२च्या जे. डी. पॉवरच्या ग्राहक समाधानाच्या यादीत सॅटर्न तिसरी होती. वर कोण? लेक्सस आणि इन्फिनिटी, म्हणजे तिच्यापेक्षा कितीतरी महाग गाड्या.

आता तुम्हाला ते चाळीस हजार लोक कळले ना? त्यांना आयुष्यात पहिल्यांदा एका मोठ्या कंपनीने माणसासारखं वागवलं होतं.

पण गाडीचं काय? इथे मला जुन्या मालकांचं म्हणणं दोन्ही बाजूंनी सांगायला हवं, कारण आठवणींना साखर लागलेली असते.

मायलेज उत्तम. दुरुस्ती सोपी, घरी हातपाय काळे करणाऱ्यांची तर लाडकी गाडी. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा फिल्टर ऑइल फिल्टरसारखा बाहेरून फिरवून काढता येतो, टायमिंगला बेल्ट नाही, चेन आहे. दोन-तीन लाख मैल चाललेल्या सॅटर्न आजही तिकडे दिसतात. १९९९ मध्ये दोन दारांच्या कूपेला ड्रायव्हरच्या बाजूने एक तिसरं छोटं दार दिलं. मागे लहान मूल बसवणाऱ्यांना त्या दाराचं किती कौतुक होतं, विचारू नका.

आणि दुसरी बाजू. इंजिन आवाज करायचं, वेग घेताना घरघरायचं. आणि ऑइल प्यायचं. सॅटर्नच्या एस सिरीजच्या मालकाला हा विषय काढून दिलात तर तो अर्धा तास थांबणार नाही. १.९ लिटरच्या या इंजिनमध्ये पिस्टनच्या रिंगभोवती ऑइल परत खाली जायची सोय नीट नव्हती. तिथे ऑइल जळून काजळी धरायची, रिंग चिकटायच्या आणि मग आणखी ऑइल जळायचं. हजार-दीड हजार मैलांत लिटरभर ऑइल गायब झाल्याचं कितीतरी मालक सांगतात. जुने सॅटर्नवाले डिकीत ऑइलचा डबा ठेवूनच फिरतात. ज्यांना हे माहीत नव्हतं, ज्यांनी डिपस्टिक कधी तपासली नाही, त्यांची इंजिनं गेली. आता शनी आहे म्हटल्यावर तेल लागणारच, असा विनोद आपण मराठी माणसं करणारच. पण ज्याचं इंजिन गेलं त्याला हसू आलं नसणार.

थोडक्यात, गाडी ठीक होती. वाईट नाही, जपान्यांच्या पुढेही नाही. पहिली गाडी ठीक असायला हरकत नसते. प्रश्न असतो की दुसरी कधी येते.

इथे गोष्ट फिरते.

१९९४ मध्ये सॅटर्नने सुमारे २ लाख ८६ हजार गाड्या विकल्या. हा आकडा नंतर कधीच ओलांडला गेला नाही. हे माहेरपणाचंच वर्ष, आणि हाच कळस. ग्राहक मागत होते की आम्हाला आता मोठी गाडी द्या, आमचं लग्न झालं, मुलं झाली, पण आम्हाला सॅटर्नच हवी. कंपनीकडे द्यायला काही नव्हतं. तीच छोटी गाडी, वरून जरा नवं अंग. दुसरी गाडी, एल सिरीज, आली १९९९ मध्ये, म्हणजे पहिलीनंतर नऊ वर्षांनी. नऊ वर्षं! एवढ्या वेळात पहिल्या मालकांची पाळण्यातली पोरं चौथीत गेली. आणि ते मालक होंडा अकॉर्ड, टोयोटा कॅमरी, नाहीतर फोर्ड एक्सप्लोररच्या शोरूममध्ये गेले.

का नाही दिली? पैसे. नव्वदच्या सुरुवातीला जीएम स्वतःच मोठ्या तोट्यात होती. शेवरले, ऑल्ड्समोबिल, पॉन्टिअॅक, ब्यूक हे मोठे भाऊ आधीच कुरकुरत होते की आमच्या ताटातलं काढून या धाकट्याला अब्जावधी दिलेत, आता पुरे. सॅटर्नची बाजू घेणारे रॉजर स्मिथ निघून गेले होते. हिशोबाच्या वहीत सॅटर्न कच्चीच होती. एका वर्षी थोडा फायदा दिसला, पण गुंतवलेला पैसा वसूल होण्याच्या जवळपासही नव्हती. तेव्हा नव्या साहेबांचं चूक होतं असंही सरळ म्हणता येत नाही. छोट्या गाडीत पैसे सुटत नाहीत, आणि मोठी बनवायला पैसे द्यायला कुणी तयार नाही. यातून सुटका नव्हती.

कारखान्यातही ताण आला. १९९१च्या शरद ऋतूत जीएमचे नवे प्रमुख स्प्रिंग हिलला आले, तेव्हा कामगारांनी दंडाला पट्ट्या बांधून निषेध केला. कशासाठी? पगारवाढीसाठी नव्हे. उत्पादन वाढवायच्या घाईत गाडीचा दर्जा उतरतोय म्हणून. संप, घेराव, टूल डाउन सगळं आपण ऐकलेलं असतं, पण 'गाडी चांगली बनवू द्या' यासाठी कामगारांनी निषेध करावा, हे मला तरी दुसरीकडे सापडलं नाही.

हळूहळू सॅटर्नचं वेगळेपण काढून घेतलं गेलं. १९९४ पासून कंपनी जीएमच्या छोट्या गाड्यांच्या विभागाच्या छत्राखाली गेली. एल सिरीज तर स्प्रिंग हिलला बनलीच नाही. ती जीएमच्या जर्मन ओपेल व्हेक्ट्राची बहीण, बनायची डेलावेअर राज्यात. म्हणजे ज्या मालकांना गाडीच्या माहेराचं वेड होतं, त्यांच्या नव्या गाडीचं माहेरच बदललं. मधल्या काळात, १९९७ मध्ये, सॅटर्न थेट जपानमध्ये विकायलाही नेली, उजवीकडे स्टिअरिंग लावून. चार वर्षांत गाशा गुंडाळला.

एक गंमत सांगायला हवी. १९९६ मध्ये जीएमने इव्ही वन ही इलेक्ट्रिक गाडी आणली, टेस्ला जन्मायच्याही आधी, आणि ती भाड्याने द्यायचं काम दिलं सॅटर्नच्या डीलरांना. कारण लोकांशी नीट वागणारे डीलर तेच, हे जीएमलाही पक्कं ठाऊक होतं. नंतर जीएमने त्यातल्या बहुतेक गाड्या परत घेऊन चुरडल्या. पण तो वेगळा भाग होईल.

२००२च्या सुमाराला व्ह्यू ही छोटी एसयूव्ही आली आणि लोकांनी ती घेतली. पण काही मॉडेलमधला सीव्हीटी गिअरबॉक्स इतका बिघडायचा की जीएमला वॉरंटी वाढवून द्यावी लागली. २००४ मध्ये सरकारी चाचणीत व्ह्यूचं मागचं सस्पेन्शन मोडलं आणि अडीच लाखांच्या आसपास गाड्या परत बोलवाव्या लागल्या. आणि २००४ पासून व्ह्यूच्या व्ही सिक्स मॉडेलला इंजिन कुणाचं होतं, सांगा? होंडाचं! ज्या होंडाला हरवायला ही कंपनी काढली, तिचंच इंजिन बॉनेटखाली. मालक मात्र खूश होते, कारण ते इंजिन ऑइल पीत नव्हतं.

एस सिरीजच्या जागी आली आयन. स्पीडोमीटर स्टिअरिंगसमोर नाही तर डॅशबोर्डच्या मधोमध, आतलं प्लॅस्टिक स्वस्त. समीक्षकांनी धुतली. आयनची खरी गोष्ट पुढे येतेय.

२००३च्या अखेरीला स्प्रिंग हिलच्या कामगारांनी मतदान करून तो २८ पानांवर सुरू झालेला वेगळा करार सोडला आणि जीएमच्या सर्वसाधारण करारात परत गेले. प्रचंड बहुमताने. नव्या गाडीची खात्री नसताना वेगळेपण जपून करायचं काय? जीएमच्या छत्राखाली असलो तर निदान दुसरीकडे बदली तरी मिळेल. २००७ मध्ये स्प्रिंग हिलमधून शेवटची सॅटर्न बाहेर पडली.

मग एक विचित्र गोष्ट झाली. अगदी शेवटी शेवटी सॅटर्नला चांगल्या गाड्या मिळाल्या. स्काय नावाची देखणी दोन सीटची रोडस्टर, ऑरा ही सेदान जिला २००७ चा 'नॉर्थ अमेरिकन कार ऑफ द इयर' किताब मिळाला, आउटलुक ही मोठी एसयूव्ही, बेल्जियमहून आणलेली अॅस्ट्रा. पण त्या सगळ्या जीएमच्या इतर ब्रँडच्या भावंडं. पॉलिमरचे दरवाजे गेले, लाथ मारून दाखवायची सोय गेली. आणि २००८ मध्ये मंदी आली.

१ जून २००९ ला जीएमने दिवाळखोरी जाहीर केली. चारच दिवसांनी बातमी आली की रॉजर पेन्स्की, रेसिंगच्या जगातले मोठे नाव आणि डीलरशिपचा प्रचंड व्यवसाय असलेले, सॅटर्न विकत घेणार. पेन्स्कींना कारखाना नको होता. त्यांना हवे होते ते साडेतीनशेच्या आसपास डीलर आणि त्यांची लोकांशी वागायची पद्धत. गाड्या दुसऱ्या कुणाकडून बनवून घ्यायच्या, विकायच्या सॅटर्नच्या पद्धतीने. मालकांनी, डीलरांनी सुटकेचा श्वास सोडला. चार महिने टिकला तो. ३० सप्टेंबरला पेन्स्कींनी माघार घेतली, कारण जीएमनंतर गाड्या पुरवायला ज्या कंपनीशी बोलणी चालू होती, तिच्या संचालक मंडळाने नकार दिला. त्याच दिवशी जीएमने सांगितलं, सॅटर्न बंद. २०१० च्या ऑक्टोबरपर्यंत उरलेले डीलरही आवरले.

आता आयन. फेब्रुवारी २०१४. जीएमने गाड्या परत बोलवायला सुरुवात केली, आणि आकडा वाढत वाढत २६ लाखांवर गेला. दोष होता इग्निशन स्विचमध्ये. चावी फिरवायला जेवढा जोर लागायला हवा त्यापेक्षा कमी लागायचा. किल्ल्यांचा जुडगा जड असला किंवा गुडघा लागला, तर धावत्या गाडीत चावी आपोआप मागे फिरायची. इंजिन बंद, पॉवर स्टिअरिंग बंद, आणि सर्वात भयंकर म्हणजे एअरबॅगसुद्धा बंद. गाडी आपटली तर एअरबॅग उघडायचीच नाही. जीएमने नेमलेल्या भरपाई निधीने १२४ मृत्यूंसाठी भरपाई मान्य केली. सर्वाधिक चर्चा शेवरले कोबाल्टची झाली, पण या यादीत २००३ ते २००७ची सॅटर्न आयनही होती. आणि चौकशीत बाहेर आलं की या स्विचची पहिली तक्रार २००१ मध्येच नोंदली गेली होती. कुठे? आयन तयार होत असतानाच्या चाचण्यांमध्ये. म्हणजे गाडी बाजारात यायच्याही आधी.

आयनच्या मालकाला २०१४ मध्ये पत्र आलं. त्याच्या गावातलं सॅटर्नचं शोरूम चार वर्षांपूर्वी बंद झालेलं. तिथे टाळ्या वाजवणारी माणसं, बार्बेक्यू लावणारे मेकॅनिक कुठे कुठे पांगलेले. पत्रात लिहिलेलं की जवळच्या शेवरले, ब्यूक, जीएमसी किंवा कॅडिलॅकच्या डीलरकडे जा. सुटे भाग कमी होते, त्यामुळे थांबा. तोपर्यंत किल्लीला दुसरं काही अडकवू नका. १९९३ मध्ये वायरिंगच्या रिकॉलला ज्यांनी मॅच बघितली होती, त्यातलेच काही जण आयनपर्यंत ब्रँडला धरून राहिले होते.

आपल्याकडेही जीएमचा एक अध्याय झाला, तो थोडक्यात सांगतो. पुण्याजवळ तळेगावला त्यांचा कारखाना २००८ मध्ये सुरू झाला. शेवरले स्पार्क आणि बीट तुम्ही रस्त्यावर पाहिल्यात. २०१७ मध्ये जीएमने भारतात गाड्या विकणं थांबवलं, डिसेंबर २०२० मध्ये तळेगावची लाइनही थांबली, आणि पुढे तो कारखाना ह्युंदाईकडे गेला. बीट चालवणाऱ्यांना सॅटर्नवाल्यांचा 'आता पार्ट कुठे मिळणार' हा प्रश्न वेगळा समजावून सांगायला नको. माणसं जोडून ठेवणं हे सॅटर्नने केलेलं काम मात्र तळेगावच्या वाट्याला कधी आलंच नव्हतं, त्यामुळे तिथे तुटलं तेही वेगळं.

स्प्रिंग हिलचा कारखाना आजही चालू आहे. जीएमचाच. तिथे आता कॅडिलॅकची लिरिक ही इलेक्ट्रिक एसयूव्ही बनते. हजारभर वस्तीचं ते गाव २०२०च्या जनगणनेत पन्नास हजारांवर पोचलंय. आणि जुन्या एस सिरीजवाल्यांच्या गाड्यांचं काय? बर्फाच्या प्रदेशात बाकीच्या १९९५च्या गाड्या खालून गंजून भंगारात गेल्या. सॅटर्नचाही सांगाडा आतून गंजतो, इंजिन ऑइल पितं, सीटचं कापड फाटलेलं असतं. पण दरवाजे मात्र शोरूममधून आल्यासारखे, एक पोचा नाही.

चला, आजच्यापुरतं एवढंच. इव्ही वनची गोष्ट लवकरच. तुमच्या घरात एखादी बंद पडलेल्या ब्रँडची गाडी अजून चालत असेल, तर तिचे किस्से आम्हाला नक्की कळवा.